‘साधकबाधक चर्चा झाली’

(जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय ‘महिला परिषदांची कागदपत्रं’. हा विषय जेवणानंतरच्या सत्रात ठेवणाऱ्या संयोजक मैत्रिणींच्या धाडसाला दाद द्यायला हवी. वर पंखा फिरतोय, पोटात वरणभात आहे आणि बोलायचं आहे फायलींवर. कुणाला डुलकी लागली तर खुशाल घ्या. फक्त या सत्राचं इतिवृत्त जी लिहिते आहे तिने जागं राहावं, कारण माझं बोलणं मुख्यतः तिच्याशी आहे.

आमच्या संघटनेची इतिवृत्तं मी अठरा वर्षं लिहिली. माझं अक्षर बरं होतं आणि सभेत उठून बोलायची मला भीती वाटायची, ही त्याची दोन कारणं. लिहिणारीला कुणी बोलायला लावत नाही. १९८० साली मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मी चळवळीत आले. पहिल्याच बैठकीत कुणीतरी माझ्या हातात वही दिली, ती पुढे सुटली नाही. त्या वह्यांबद्दल शेवटी बोलणार आहे आणि ते मला थोडं जड जाणार आहे. म्हणून आधी एका मोठ्या परिषदेबद्दल सांगते.

आपल्याकडे स्त्रीचळवळीचा इतिहास सांगायला कुणी उभी राहिली की ती १९७५ पासून सुरुवात करते. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्या ऑक्टोबरात पुण्याला झालेली स्त्रीमुक्ती परिषद, मग मथुरा, मग हुंडाबळी. फार मागे गेली तर सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई. आणि मधल्या काळात? तिथे स्वातंत्र्याची चळवळ आणि तुरुंगात गेलेल्या बाया. मीही नवीन मुलींना वर्षानुवर्षं असंच शिकवलं. नागपूरपासून एसटीने दोन तासांच्या अंतरावर राहून शिकवलं.

१९४२ म्हटलं की आपल्याला ऑगस्ट आठवतो. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. आधीचे दोन दिवस, १८ आणि १९ जुलैला, तिथेच अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली होती. एन. शिवराज तिचे अध्यक्ष होते आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना तिथेच झाली. तिसऱ्या दिवशी बायांची परिषद. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. संयोजनात नागपूरच्या कीर्तिबाई पाटील आणि इंदिराबाई पाटील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले, आणि समोर वीस-पंचवीस हजार बाया होत्या.

हा आकडा जरा मनात राहू द्या. आपण जिल्हा परिषद भरवतो तेव्हा पाचशे बाया आल्या तर दुसऱ्या दिवशी आपले पाय जमिनीवर नसतात. आणि ते दिवस कुठले, तर जुलैचे. नागपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पेरण्या उरकून निंदणाला लागायचे दिवस. मजुरी करणाऱ्या बाईला वर्षाकाठी जे थोडे दिवस हमखास काम असतं, त्यातले हे दिवस. ज्या बाया शेतातून आल्या असतील त्या रोज बुडवून आल्या असतील. पावसात त्या राहिल्या कुठे, भाकरी बांधून आणली होती की तिथे शिजत होतं, कडेवरची पोरं कुणी धरली? मला हे प्रश्न फार छळतात. परिषदा भरवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे मोठी सभा म्हटलं की मला आधी संडास किती होते हे विचारावंसं वाटतं.

त्या परिषदेने काय मागितलं ते बघा. बायकोला नवऱ्यापासून कायद्याने घटस्फोट घेण्याचा हक्क असावा. एकापेक्षा जास्त बायका करण्याच्या चालीला कायद्याने बंदी असावी. बिडी कारखाने, कापड गिरण्या, नगरपालिका आणि रेल्वे इथे काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची रजा, कामावर दुखापत झाली तर पुरेशी भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये पेन्शन मिळावं. गिरणीत बायांवर देखरेख करायला बायाच नेमाव्यात. मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं काढावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत बायांसाठी राखीव जागा असाव्यात. सुलोचनाबाईंनी अध्यक्ष म्हणून संततिनियमनाचा विषयही काढला. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला तेव्हा शिकल्यासवरल्या आमदारांनी तो फेटाळला होता. तोच विषय चार वर्षांनी एक बाई हजारो बायांसमोर भर मंडपात काढते.

मी पहिल्यांदा हे ठराव वाचले तेव्हा हातात पेन्सिल होती. प्रत्येक ठरावापुढे तो कायद्यात कधी आला ते साल लिहीत गेले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व, हिंदू विवाह कायदा, १९५५. बिडी कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा, १९६६. गावपातळीवर एक तृतीयांश राखीव जागा, ७३ वी घटनादुरुस्ती, १९९३ पासून. महाराष्ट्रात त्याच जागा निम्म्या झाल्या २०११ साली. लोकसभा आणि विधानसभांची घटनादुरुस्ती २०२३ ला मंजूर झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधून ठेवलेली. म्हणजे नागपूरच्या परिषदेपासून मोजलं तर मंजुरीपर्यंतच ८१ वर्षं होतात. आणि आपण आपल्या भाषणांत राखीव जागांची गोष्ट १९९३ पासून सुरू करतो, जणू दिल्लीत कुणाला तरी सुचलं आणि त्यांनी ते आपल्याला दिलं.

देखरेखीच्या ठरावापाशी मी जास्त वेळ थांबले. गिरणीत बायांवर बाईच मुकादम हवी, असं का म्हटलं असेल? ज्यांनी गिरणीतल्या बायांशी बोलणं केलंय त्यांना समजावून सांगायला नको. हजेरी मांडणारा, काम देणारा, तास मोजणारा पुरुष, आणि त्याच्या मर्जीवर चूल पेटणारी बाई. १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल आला, २०१३ ला कायदा झाला, आणि आपण ‘कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ’ हे शब्द पाठ केले. १९४२ च्या ठरावात हे शब्द नाहीत, तेव्हा ते कुणापाशीच नव्हते. पण ही मागणी कशातून आली ते मला तरी स्पष्ट दिसतं. नागपुरात राधाबाई कांबळे होत्या. स्वतः गिरणी कामगार, पुढे कामगार पुढारी, रॉयल कमिशन ऑन लेबरपुढे साक्ष दिलेल्या. अशा बाया ज्या शहरात होत्या तिथले हे ठराव आहेत. ते वर बसून कुणी रचून दिलेत असं मला वाटत नाही.

घटस्फोटाचंही तसंच. कष्टकरी जातींत काडीमोड होता, पाट लावता येत होता. मग यांना कायद्यातला हक्क कशाला हवा होता? माझा अंदाज असा, की काडीमोड व्हायचा तो पंचांपुढे, आणि पंच म्हणजे पुरुष. बाईने मागितला तर दंड किती, लेकरं कुणाकडे, लुगडं-डोरलं कुणाचं, हे सगळं तेच ठरवणार. रूढीने दिलेली मोकळीक ज्यांनी अनुभवली होती त्यांनाच तिची किंमतही ठाऊक असणार. हा अंदाजच आहे. त्या ठरावावर कोण कोण बोललं, काय बोललं, त्यातलं आपल्यापर्यंत फारच थोडं आलंय. आलंय ते कडक इस्त्री केलेलं वाक्य.

आणि मी मुद्द्यावर येते ती इथेच. हे वाक्य तरी आपल्यापर्यंत आलं कसं? त्या तीन दिवसांच्या परिषदांचा एक अहवाल तेव्हा इंग्रजीत छापला गेला. मुख्य परिषद पुरुषांची, तिच्या सोबतीने बायांच्या परिषदेचा वृत्तांत. म्हणजे आपल्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या परिषदेचे ठराव टिकले ते पुरुषांच्या परिषदेच्या अहवालाचं बोट धरून. ज्यांनी तो छापला त्यांचे मी आभारच मानते. त्यांनी बायांची पानं गाळली नाहीत. पण मंडपातल्या बहुतेकींचं बोलणं मराठीतलंच असणार, वऱ्हाडी, नागपुरी. ते इंग्रजीत गेलं तेव्हा वाटेत काय काय सांडलं असेल याची मोजदाद आता होणार नाही.

मग १९८९ साली मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. स्त्री उवाचने काढलं. ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या शिबिरातून घरी जाताना नाव लिहून न्यावं. २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला, त्यामुळे आता परदेशातल्या विद्यापीठांतही ते वाचतात आणि आपल्या तालुक्याच्या वाचनालयात मिळत नाही. त्या दोघींनी जुनी वर्तमानपत्रं, अहवाल तर चाळलेच, पण आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायांना त्या घरोघर जाऊन भेटल्या. पुस्तकाचा एक भाग कागदांतून आलेला इतिहास आणि दुसरा भाग त्या बायांच्या तोंडून आलेली हकीकत. कागदात ज्या गर्दी म्हणून होत्या त्या दुसऱ्या भागात एकेकीच्या नावाने, गावाने, सासर-माहेराने येतात. पुढे २००३ साली राज्य सरकारच्या आंबेडकर लेखन-भाषणांच्या सतराव्या खंडात या परिषदेची कागदपत्रं आली, तेव्हा विद्यापीठांतल्या लोकांनाही ती दिसायला लागली. तोवर त्या बायांपैकी कितीजणी राहिल्या असतील?

त्या पुस्तकामुळेच मला आणखी एक गोष्ट कळली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन झालं होतं. देशभरच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित बायांची ही परिषद. जाईबाई चौधरी तिथे गेल्या होत्या. जाईबाई म्हणजे एके काळी हमाली केलेल्या, मग शिकलेल्या, आणि १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढणाऱ्या. तर जेवणाच्या वेळी त्यांची आणि त्यांच्यासोबतच्या दलित बायांची पंगत वेगळी बसवली. समानतेवर भाषणं झालेल्या ठिकाणी. दलित बायांनी नंतर सभा घेऊन त्याचा निषेध केला. ज्यांना वेगळं बसवलं त्यांनी हे लक्षात ठेवलं म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे. वाढणाऱ्यांपैकी, किंवा शेजारच्या पंगतीत गुपचूप जेवलेल्यांपैकी, कुणी ते कुठे लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. १९४२ ला वेगळी परिषद का भरली, असं एका शिबिरात एका मुलीने मला विचारलं होतं. तिला मी या पंगतीबद्दल सांगितलं.

आता थोडं कामाचं बोलू, म्हणजे संयोजकांना मी विषय सोडला असं वाटायला नको.

आपण जपून ठेवतो काय? ठराव, अध्यक्षीय भाषण, वर्तमानपत्रातलं कात्रण आणि पाहुण्यांबरोबरचा फोटो. फेकून देतो काय? हजेरीचं रजिस्टर, किराण्याची आणि मंडपाची बिलं, बायांनी पाठवलेली पोस्टकार्डं, चिठ्ठ्यांवर लिहून आलेले प्रश्न. हिशेब तपासून झाले की बिलं रद्दीत. मी सांगते, किती बाया आल्या हे भाषणात कळत नाही, किती किलो तांदूळ शिजला यावर कळतं. आमच्या एका परिषदेच्या बातमीत ‘दोन हजार महिला’ छापून आल्या होत्या. बिल सांगतं साडेसहाशे. दोन्ही कागद मी एकाच पाकिटात ठेवलेत, पुढे कुणाला हसायचं असेल तर हसो. हजेरीच्या रजिस्टरमध्ये अंगठे असतात, गावांची नावं असतात, एकाच गावच्या अकराजणी एकापाठोपाठ असतात, म्हणजे त्या एकत्र आल्या. हे सगळं कुठल्याही ठरावात नसतं.

स्टेपलरच्या पिना काढा. त्या गंजतात आणि कागद खातात. दोरा वापरा. कागदाला लॅमिनेशन करू नका. आमचे फॅक्स सगळे कोरे झालेत, नुसता पिवळा कागद उरलाय. कॅसेटना बुरशी आली. फ्लॉप्या उघडायला आता यंत्र सापडत नाही. आणि वाळवीबद्दल मी बोलले तर संध्याकाळ होईल. एका पावसाळ्यात आमची ऐंशी ते त्र्याऐंशीची पत्रकं तिने संपवली, तीही कडेकडेने, मधला मजकूर सोडून, म्हणजे तारखा गेल्या आणि घोषणा राहिल्या. आता तुमचं सगळं मोबाइलवर असतं. गटावर निरोप, गटावर फोटो, गटावरच इतिवृत्त. फोन पाण्यात पडला की परिषद पाण्यात पडते. महत्त्वाचं असेल ते कागदावर छापून तारीख घालून ठेवा. मुंबईत १९८८ पासून स्पॅरो ही संस्था बायांचे आवाज, छायाचित्रं, कागद जपण्याचं काम करते आहे. एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आहे. त्यांना विचारा. पण आधी तुमच्याकडे द्यायला काहीतरी असलं पाहिजे ना.

आता माझी वही.

१९८७ साली आमच्या जिल्ह्यात दोन दिवसांची महिला परिषद झाली. विषय परित्यक्तांचा. शाळेच्या मैदानावर मंडप, वर्गांत मुक्काम. दुसऱ्या दिवशी खुलं सत्र होतं. मी ब्राह्मण घरातली आहे, हे पुढचं नीट कळायला सांगावं लागेल. व्यासपीठावरच्या आम्ही बहुतेकजणी तशाच किंवा तशाच जवळपासच्या. तर मागून एक बाई उठली. शहरातल्याच वस्तीतली, बिड्या वळणारी. ती बोलली, आणि माझ्या कानात आजही तिची शेवटची वाक्यं आहेत. म्हणाली, “दोन दिवसांपासून पाहून राहिली मी. बोलनाऱ्या बाया एक, अन् भांडे घासनाऱ्या बाया एक. भांडे घासनाऱ्या साऱ्या आमच्याच वस्तीतल्या काहून हायेत?”

मंडप गप्प झाला. अध्यक्षस्थानी असलेल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, की व्यवस्थेविषयीच्या सूचना समितीकडे लेखी द्याव्यात, आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी वहीत लिहिलं: ‘भोजनव्यवस्थेबाबत काही सूचना आल्या. त्यावर साधकबाधक चर्चा झाली.’

चर्चा झालीच नव्हती. साधक नाही आणि बाधकही नाही. पण इतिवृत्ताची एक भाषा असते, ती मला चांगली येत होती. कुणी मला असं लिही म्हणून सांगितलं नाही. माझ्या हाताने ते आपोआप लिहिलं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं आणि एकमताने कायम झालं.

तीसेक वर्षांनी एम.ए.ला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिला आमच्या परिषदांची कागदपत्रं पाहायची होती. मी मोठ्या अभिमानाने कपाट उघडलं. सगळ्या फायलींना क्रमांक, आत अनुक्रमणिका. ती दोन दिवस वाचत बसली. मग तिने ते पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “मॅडम, माझी आजी म्हणते मी त्या परिषदेत बोलली होती. ती हीच सूचना का?”

मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या रात्री झोप आली नाही. सकाळी तिच्याबरोबर तिच्या आजीकडे गेले.

आजी सत्तरीच्या पुढच्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, बिड्या सोडलेल्या, पण बोटं अजून मांडीवर तशीच हलत होती. त्यांनी मला ओळखलं. “वही घेऊन बसत होत्या त्याच ना तुमी?” मी माफी मागायला सुरुवात केली, भांड्यांचं ते मी लिहायला हवं होतं वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “भांड्याचं तं मी शेवटी बोलली. पहिले बिडीचं बोलली होती.”

आणि मला आठवेना. मैत्रिणींनो, मला ते अजिबात आठवत नव्हतं. पंगतीचं टोचलं म्हणून तेवढं डोक्यात राहिलं होतं, त्याच्या आधीचं सगळं गेलं होतं. वहीत नाही, माझ्या डोक्यातही नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला बिडीचं काम मिळत नाही, कारण कारखान्याचं कार्ड नवऱ्याच्या नावावर. बिड्या वळते बाई, हजाराचा हिशेब लिहिला जातो त्याच्या नावावर, पैसे त्याच्या हातात. तो दुसरी करून गेला की कार्डही घेऊन जातो. मग बाईने पानं-तंबाखू मागायची कुणाच्या नावाने? पोटगी कोर्टात मिळेल तेव्हा मिळेल, आधी कार्ड बाईच्या नावावर करून द्या, त्यासाठी या साऱ्या बायांनी कारखान्यावर मोर्चा न्यावा. एवढं त्या बोलल्या होत्या. त्यावर कुणी काही उत्तर दिलं नाही, म्हणून मग त्या चिडून भांड्यांवर आल्या.

परित्यक्तांच्या परिषदेत आम्ही पोटगीचे चार ठराव केले. चारही माझ्याच अक्षरात आहेत. कार्डाचा एकही नाही. आमच्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या कार्यक्रमात बिडीचा शब्द नाही. आजींनी त्यानंतर नऊ वर्षं दिराच्या नावावर बिड्या दिल्या, आणि तो मधले पैसे ठेवून घ्यायचा.

मी त्यांना नागपूरच्या परिषदेचं सांगितलं. बिडीवाल्या बायांसाठी रजा, पेन्शन. ४२ साली. त्यांनी विचारलं, “मंग भेटली का?” मी म्हटलं, कायदा झाला, कल्याण निधीही झाला, पण तो मिळायला ओळखपत्र लागतं. त्या हसल्या. “म्हंजे कार्डच ना.”

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्यापुढेच बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘त्यांनी मुद्दा मांडला’ असं मी लिहिलं होतं. त्यांनी थांबवलं. “मुद्दा कायचा? भांडली होती मी. भांडली लिवा.” मी खोडून ‘भांडल्या’ लिहिलं. आणखी दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या केल्या, एका ठिकाणी माझ्या बाजूने, कारण भांडी घासायला दुसऱ्या दिवशी मीही थोडा वेळ गेले होते म्हणे, ते मला आठवत नाही. खाली त्यांनी सही केली. सही करायला त्या साक्षरता वर्गात शिकल्या होत्या आणि त्यांना ती पूर्ण, आडनावासकट करायची होती, म्हणून वेळ लागला. मग मी आणि नातीने साक्षीदार म्हणून सह्या केल्या, तारीख घातली. मूळ पान मी फाडलं नाही आणि खोडलंही नाही. ‘साधकबाधक चर्चा’ जिथे आहे तिथेच आहे. तिच्यासमोर हा कागद दोऱ्याने शिवलाय आणि अनुक्रमणिकेत आजींचं नाव घातलंय.

निघताना मी विचारलं, आपल्या मासिकात तुमच्या नावासकट हे सगळं छापू का? त्यांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “मासिकात काहून? ज्या कागदात नव्हतं त्या कागदात टाकलं ना, झालं. अन् त्याची एक झेराक्स मले आनून द्या.”